जॅझ संगीतातील डबल बास

डबल बास हे व्हायोलिन कुळातील आकाराने सर्वांत मोठे आणि स्वराने सर्वांत खर्जाचे तंतुवाद्य आहे. त्यास कॉन्ट्राबास, अपराइट बास किंवा नुसते 'बास' असेही म्हणतात. पाश्चात्त्य अभिजात वाद्यवृंदात हे वाद्य प्रामुख्याने गजाने वाजवले जाते. जॅझमध्ये मात्र ते मुख्यतः बोटांनी तार छेडून वाजवण्याची पद्धत आहे. जॅझ वाद्यमेळात तालाचा आणि स्वरसंवादाचा पाया डबल बास सांभाळतो. जॅझ वादकांच्या वापरातील अनेक बास जुने, काही तर शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे असतात. असे वाद्य दर आठवड्याला मैफलींतून वाजत ठेवायचे आणि पुढच्या पिढीच्या हाती धडपणे सोपवायचे, तर वादकाला वादनाबरोबर वाद्याच्या रचनेचे आणि निगेचेही ज्ञान लागते. प्रस्तुत लेखात जॅझच्या संदर्भात या वाद्याची रचना, वादनपद्धती आणि जुन्या वाद्याचे जतन यांचा परिचय दिला आहे.

रचना

डबल बासची उंची साधारणपणे १८० सेंटिमीटर असते. सर्वाधिक प्रचलित आकारास 'तीन चतुर्थांश' म्हणतात. हे नाव दिशाभूल करणारे आहे, कारण प्रौढ व्यावसायिक वादकही सामान्यतः हाच आकार वापरतात. घोडी आणि मानेच्या वरच्या टोकाची पट्टी यांमधील तारेची लांबी सुमारे १०४ ते १०६ सेंटिमीटर असते. व्हायोलिनमध्ये हीच लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते.

वाद्यास बहुधा चार तारा असतात. खालच्या स्वरापासून त्या ई, ए, डी आणि जी या स्वरांत लावतात. त्यांची कंपनसंख्या अनुक्रमे सुमारे ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झ असते. व्हायोलिन, व्हियोला आणि चेलो यांच्या लगतच्या तारांत षड्ज-पंचमाचे अंतर असते, तर डबल बासच्या तारांत षड्ज-मध्यमाचे. तारा लांब असल्यामुळे हाताचा विस्तार मर्यादित ठेवण्यासाठी ही जुळणी सोयीची ठरते. बासचे स्वरलेखन प्रत्यक्ष स्वरापेक्षा एक सप्तक वर केले जाते.

वाद्याची पुढची फळी, म्हणजे तबली, सामान्यतः स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाच्या लाकडाची असते. पाठ, बाजूच्या फळ्या आणि मान मेपलच्या लाकडाची असतात. डाव्या हाताची बोटे जिच्यावर पडतात ती फिंगरबोर्डची पट्टी आबनुसाची किंवा शिसवीची असते. तबलीवर घोडी उभी असते. घोडीच्या जी तारेकडील पायाच्या किंचित खाली, वाद्याच्या पोटात, तबली आणि पाठ यांच्यामध्ये स्प्रूसची एक गोल काठी उभी केलेली असते. तिला ध्वनिदंड म्हणता येईल. हा दंड कोठेही चिकटवलेला नसतो. केवळ दोन फळ्यांमधील दाबामुळे तो जागेवर राहतो. घोडीच्या दुसऱ्या पायाखाली तबलीला आतून एक लांब पट्टी चिकटवलेली असते. तिला बास बार असे नाव आहे. पोलादी तारांचा एकत्रित ताण शंभर किलोग्रॅमहून अधिक असतो. त्याचा बराच भाग घोडीतून तबलीवर खाली दाबतो. बास बार आणि ध्वनिदंड हा भार पेलतात आणि कंपनेही वाहून नेतात.

सर्वांत खालच्या स्वराचे मूळ कंपन मोठ्या प्रमाणावर हवेत सोडण्याइतकी या वाद्याची पेटी मोठी नसते. त्या स्वराची उपस्वरमाला मात्र स्पष्ट ऐकू येते आणि मूळ स्वराचा बोध ऐकणाऱ्याचा कान व मेंदू त्यातून करून घेतात. त्यामुळे बासच्या आवाजाचा 'वजनदारपणा' वाद्य, खोली आणि श्रोता या तिघांवर अवलंबून असतो.

जॅझमधील वाटचाल

न्यू ऑर्लिन्स येथील आरंभीच्या वाद्यमेळांत खर्जाचे काम कधी डबल बासकडे, तर कधी ट्युबा या फुंकवाद्याकडे असे. बिल जॉन्सन आणि पॉप्स फॉस्टर (१८९२–१९६९) या वादकांनी तार जोरात खेचून ती फिंगरबोर्डवर आपटू देण्याची 'स्लॅप' पद्धत रूढ केली. ध्वनिवर्धक नसलेल्या सभागृहात कर्णे आणि ढोल यांच्या गदारोळातून बास ऐकू जावा, ही त्यामागची व्यावहारिक गरज होती. सन १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण सुरू झाल्यावर डबल बासचा आवाज तबकडीवर नीट उमटू लागला आणि ट्युबा हळूहळू मागे पडला.

काउंट बेसी यांच्या वाद्यमेळातील वॉल्टर पेज (१९००–१९५७) यांनी 'वॉकिंग बास' ही शैली प्रस्थापित करण्यात मोठा वाटा उचलला. या शैलीत चार मात्रांच्या प्रत्येक मापात दर मात्रेला एक याप्रमाणे सलग स्वर वाजतात. हे स्वर एका स्वरसंवादाकडून पुढच्या स्वरसंवादाकडे 'चालत' जातात. जिमी ब्लँटन (१९१८–१९४२) यांनी १९३९ ते १९४१ या काळात ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यमेळात बासला स्वतंत्र स्वरवाक्ये वाजवणारे एकल वाद्य म्हणून मान मिळवून दिला. क्षयरोगाने ते तेविसाव्या वर्षी निवर्तले. तथापि ऑस्कर पेटिफोर्ड, रे ब्राउन आणि चार्ल्स मिंगस यांच्या पिढीवर त्यांचा ठसा उमटला. मिंगस (१९२२–१९७९) हे संगीतकार आणि वाद्यमेळाचे प्रमुख म्हणूनही मान्यता पावले. माइल्स डेव्हिस यांच्या १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू' या ध्वनिमुद्रिकेतील 'सो व्हॉट' या रचनेची मुख्य धून पॉल चेंबर्स (१९३५–१९६९) यांच्या बासवर आहे.

सन १९५१ मध्ये फेंडर कंपनीने 'प्रिसिजन बास' हे विद्युत वाद्य बाजारात आणले. ते हलके, वाहून नेण्यास सोपे आणि मोठ्या आवाजाचे असल्याने पुढील दोन दशकांत अनेक ठिकाणी त्याने डबल बासची जागा घेतली. जॅझमध्ये मात्र डबल बासचे स्थान टिकून राहिले. रॉन कार्टर (जन्म १९३७) यांच्या नावावर दोन हजारांहून अधिक ध्वनिमुद्रणे असून सर्वाधिक ध्वनिमुद्रित जॅझ बासवादक म्हणून गिनीज विक्रमनोंदीत त्यांचा समावेश आहे.

वादनतंत्र

वादक उभा राहून किंवा उंच स्टुलावर बसून वाद्य डाव्या अंगाला टेकवतो. वाद्याच्या तळाशी असलेल्या खालीवर करता येणाऱ्या दांडीला एंडपिन म्हणतात. तिची उंची वादकाच्या देहयष्टीप्रमाणे ठरते. वाद्य तोलून उभे राहिले पाहिजे. डाव्या हाताला ते धरून ठेवावे लागू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे.

उजव्या हाताची तर्जनी तारेला जवळजवळ समांतर ठेवून तिच्या बाजूच्या मांसल भागाने तार ओढतात. बोटाच्या टोकाने ओढल्यास आवाज पातळ येतो. जोर बोटाच्या स्नायूंपेक्षा हाताच्या वजनातून येतो. तार फिंगरबोर्डच्या टोकापाशी छेडली की स्वर गोल आणि भरीव लागतो. घोडीच्या जवळ छेडल्यास तो टणक होतो. जलद लयीत तर्जनी आणि मधले बोट आलटून पालटून वापरतात.

डाव्या हाताच्या बोटांची सर्वाधिक प्रचलित पद्धत फ्रांत्स झिमांडल (१८४०–१९१२) यांच्या नावाने ओळखली जाते. खालच्या स्थानांत तीत पहिले, दुसरे आणि चौथे बोट वापरतात. तिसरे बोट चौथ्याला आधार देते. हात एका जागी असताना एका तारेवर केवळ तीन लगतचे अर्धस्वर येतात. म्हणून हाताचे स्थलांतर हा बासवादनाचा नित्याचा भाग आहे. वाद्याला पडदे नसल्यामुळे स्वराची शुद्धता पूर्णतः कान आणि स्पर्श यांवर अवलंबून असते. मानेच्या पुढील वरच्या स्वरांसाठी अंगठा तारेवर आडवा ठेवून वाजवतात. जॅझवादकही रियाजात गजाचा उपयोग करतात, कारण छेडलेल्या स्वरात झाकून जाणारा बेसूरपणा गजाच्या लांब स्वरात तात्काळ उघडा पडतो.

तारा

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बासवादक प्रामुख्याने तातीच्या, म्हणजे जनावराच्या आतड्यापासून बनवलेल्या तारा वापरत. खालच्या दोन तारांवर धातूचे वेष्टण असे. तातीचा आवाज उबदार आणि थोडक्यात विरणारा असतो. हवेतील ओलाव्याने तात लगेच उतरते किंवा चढते आणि झिजून तिचे तंतूही निघतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलादी तारा सर्वत्र पसरल्या. व्हिएन्नाच्या टोमास्टिक-इन्फेल्ड कंपनीच्या 'स्पिरोकोर' तारा जॅझवादकांत विशेष रूढ आहेत. पोलादी तारेवर स्वर दीर्घकाळ टिकतो आणि तार फिंगरबोर्डच्या अधिक जवळ ठेवता येते, त्यामुळे जलद वादन सुकर झाले. चार्ली हेडन (१९३७–२०१४) यांच्यासारख्या काही वादकांनी मात्र वरच्या तारा तातीच्याच ठेवल्या.

जुन्या वाद्याच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा आहे. तातीच्या काळात घडवलेल्या वाद्याची तबली त्या काळच्या ताणाला अनुसरून कोरलेली असते. तिच्यावर जाड आणि अधिक ताणाच्या पोलादी तारा चढवल्यास तबली घोडीखाली खचू शकते, शिवाय आवाजही दबतो. अशा वाद्यास कमी ताणाच्या तारा सुचवल्या जातात. बहुतेक वेळा त्यांनी वाद्य अधिक मोकळे बोलते.

जुन्या वाद्यांचे प्रकार

वापरातील जुन्या बासांचे दोन मुख्य गट पडतात. पहिला गट भरीव लाकडातून कोरलेल्या वाद्यांचा आहे. जर्मनीतील मिटेनवाल्ड आणि मार्कनॉयकिर्खेन ही गावे या कारागिरीची मोठी केंद्रे होती. दुसरा गट प्लायवुडच्या वाद्यांचा आहे. अमेरिकेतील शिकागोच्या 'के' कंपनीने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सुमारे तीन दशके असे बास मोठ्या संख्येने बनवले. ते शाळांत, नृत्यगृहांत आणि जॅझच्या अड्ड्यांवर पोहोचले. प्लायवुडचे थर उलटसुलट चिकटवलेले असल्याने ते सहसा चिरत नाही. कोरीव वाद्याचा आवाज अधिक संपन्न मानला जातो. प्लायवुडचे वाद्य मात्र प्रवास, गर्दी आणि हवापालट अधिक निमूटपणे सोसते. त्यामुळे अनेक व्यावसायिक वादक दोन्ही प्रकारची वाद्ये बाळगतात.

जुना बास निवडताना मान पेटीला जोडलेला सांधा, मानेची सरळता, घोडीखालील तबलीचा उंचवटा, ध्वनिदंडाच्या जागेवरील चीर आणि बास बारचा चिकटाव या गोष्टी तपासतात. जुन्या वाद्यावर दुरुस्त केलेल्या चिरा असणे स्वाभाविक आहे. आतून लाकडी ठिगळे लावून नीट बसवलेली चीर दोष मानली जात नाही. ध्वनिदंडाखाली पाठीला गेलेली चीर मात्र गंभीर समजतात, कारण तेथे दाब सतत असतो.

देखभाल

सांधे व सरस

व्हायोलिन कुळातील वाद्यांचे सांधे परंपरेने सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातड्यापासून बनवलेल्या डिंकाने चिकटवतात. तबली आणि पाठ बाजूच्या फळ्यांना जोडताना हा सरस मुद्दाम पातळ करून लावतात. हवा कोरडी झाली की लाकूड आडव्या दिशेने आकसते. त्या वेळी ताण कोठेतरी मोकळा व्हावा लागतो. सरसाचा सांधा कमकुवत असल्यास तो आधी उघडतो आणि फळी वाचते. उघडलेला सांधा कारागीर थोडक्या वेळात पुन्हा चिकटवू शकतो; फाटलेली तबली दुरुस्त करण्यास मात्र वाद्य उघडावे लागते.

याच कारणासाठी उघडलेल्या सांध्यात आधुनिक कृत्रिम गोंद किंवा इपॉक्सी भरणे घातक ठरते. असा सांधा पुन्हा उघडत नाही. पुढच्या कोरड्या ऋतूत त्याच्या शेजारचे लाकूडच फाटते. शिवाय पुढील दुरुस्तीच्या वेळी तबली काढताना लाकडाच्या ढलप्या निघतात. जुन्या वाद्यावर केलेली कोणतीही दुरुस्ती पुढच्या कारागिराला सोडवता आली पाहिजे, हे तत्त्व या क्षेत्रात सर्वमान्य आहे. सांधा उघडल्याची खूण म्हणजे विशिष्ट स्वरावर येणारी थरथर. बोटाच्या पेराने कडेकडेने हलके ठोकत गेल्यास सुटलेल्या जागी आवाज पोकळ येतो.

आर्द्रता

सापेक्ष आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान स्थिर राहणे वाद्यास मानवते. थंड प्रदेशांत हिवाळ्यात तापवलेल्या खोल्यांची हवा अतिशय कोरडी होते आणि बहुतेक चिरा त्याच काळात पडतात. त्यासाठी खोलीत बाष्प सोडणारे यंत्र किंवा वाद्याच्या पोटात सोडायची ओलसर नळी वापरतात. दमट ऋतूत याउलट तबली फुगून वर येते, तारा फिंगरबोर्डपासून उंच जातात आणि वादन जड होते. हा चढउतार सांभाळण्यासाठी अनेक जॅझवादक घोडीच्या पायांत फिरकीचे चाक बसवून घेतात किंवा कमीअधिक उंचीच्या दोन घोड्या ठेवतात. पाठ सपाट असलेले बास गोलाकार पाठीच्या बासांपेक्षा ऋतुबदलाला अधिक संवेदनशील असतात, कारण त्यांच्या पाठीला आतून आडव्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात आणि पाठ व पट्ट्या सारख्या प्रमाणात आकसत नाहीत.

घोडी, ध्वनिदंड व फिंगरबोर्ड

तारा स्वरात लावताना घोडीचा माथा हळूहळू फिंगरबोर्डकडे ओढला जातो. वेळेवर लक्ष न दिल्यास घोडी वाकते किंवा धाडकन पडते. तिची टेलपीसकडील बाजू तबलीशी काटकोनात आहे ना, हे तारा बदलल्यानंतर अवश्य पाहतात. तारा एका वेळी एकच बदलाव्यात. सर्व तारा एकदम सैल केल्यास दाब नाहीसा होऊन ध्वनिदंड पडू शकतो. ध्वनिदंड पडल्यास तारा त्वरित सैल करतात, कारण आधाराविना उभ्या तबलीवर ताण कायम राहिला तर ती खचते. ध्वनिदंड एक-दोन मिलिमीटर सरकवल्यानेही वाद्याचा आवाज बदलतो. म्हणून हे काम अनुभवी कारागिराकडे सोपवतात.

फिंगरबोर्डची पट्टी लांबीत किंचित खोलगट असते, जेणेकरून कंप पावणारी तार तिला घासत नाही. वर्षानुवर्षांच्या वादनाने तिच्यावर तारांच्या रेषा पडतात आणि काही स्वर खरखरू लागतात. तंबोऱ्यात जवारीने जी झंकार मुद्दाम साधतात, ती येथे नको तेथे उमटते. अशी पट्टी रंधून पुन्हा आकारात आणावी लागते. तारांची उंचीही विचारपूर्वक ठरवावी लागते. पोलादी तारांसाठी फिंगरबोर्डच्या टोकापाशी जी तार साधारण ५ ते ६ मिलिमीटर आणि ई तार ८ ते ९ मिलिमीटर वर ठेवण्याचा प्रघात आहे. उंची फार कमी केल्यास वादन सोपे होते, परंतु स्वराचा भरीवपणा जातो आणि ध्वनिवर्धकावरील अवलंबन वाढते.

साफसफाई

वादनानंतर तारा आणि तबली कोरड्या मऊ फडक्याने पुसतात. गज वापरल्यास राळेची भुकटी घोडीभोवती साचते. ती तशीच राहिल्यास रोगणात रुतून बसते. स्पिरिट किंवा घरगुती पॉलिश जुन्या रोगणाला अपाय करतात, त्यामुळे तबलीवर ती टाळतात.

मैफलीतील वापर

जॅझच्या मैफलीत बासचा आवाज वाढवण्यासाठी घोडीला किंवा तिच्या पायाखाली पिएझो प्रकारचा पिकअप बसवतात किंवा मायक्रोफोन वापरतात. मोठ्या आवाजात तबली स्वतःच कंप पावू लागते आणि घुमारा निर्माण होतो. त्यावर वक्त्याची जागा बदलणे, अतिखर्ज कंपने गाळणे आणि तबलीवरील ध्वनिरंध्रांत स्पंजाचे तुकडे बसवणे हे उपाय करतात.

मध्यंतरात वाद्य बाजूच्या फळ्यांवर कलते निजवतात. भिंतीला किंवा खुर्चीला टेकवून ठेवलेला बास घसरून पडल्यास मानेचा सांधा मोडण्याची दाट शक्यता असते. उन्हात उभ्या मोटारीत वाद्य ठेवल्यास सरस मऊ पडतो. वाहतुकीत जाड अस्तराची पिशवी आणि एंडपिनच्या जागी बसवायचे चाक उपयोगी पडते. विमानप्रवासासाठी कठीण पेटी लागते. तिचे वजन आणि आकार अनेकदा विमान कंपन्यांच्या मर्यादेबाहेर जातो. त्यामुळे काही वादक मान विलग करता येणारे बास बनवून घेतात, तर पुष्कळसे मैफलीच्या गावी मिळेल त्या वाद्यावर भागवतात.

स्कॉट लाफॅरो यांचा बास

जुन्या बासच्या जतनाचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकन वादक स्कॉट लाफॅरो (१९३६–१९६१) यांच्या वाद्याचे आहे. हा बास न्यू हॅम्पशायरमधील कारागीर अब्राहम प्रेस्कॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घडवला होता. प्रेस्कॉट हे चर्चमधील समूहगानाला साथ करणाऱ्या खर्जाच्या तंतुवाद्यांसाठी प्रसिद्ध होते. २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड येथे पियानोवादक बिल एव्हन्स आणि ढोलवादक पॉल मोशियन यांच्यासमवेत लाफॅरो यांनी केलेले वादन ध्वनिमुद्रित झाले. त्यात बास केवळ पाया न राहता पियानोशी बरोबरीने संवाद साधतो. त्यानंतर अकराच दिवसांनी, ६ जुलै रोजी, मोटार अपघातात पंचवीस वर्षांच्या लाफॅरो यांचा मृत्यू झाला आणि सोबत असलेला बासही अतिशय खराब झाला. पुढे कोलस्टाईन या कारागीर घराण्याने तो मिळवून त्याची पुनर्बांधणी केली. नंतर तो आंतरराष्ट्रीय बासवादक संघटनेकडे सुपूर्द करण्यात आला. मधल्या काळात इतर जॅझवादकांनीही त्यावर ध्वनिमुद्रणे केली.

मुंबई व गोवा

मुंबईत १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी आणि टेडी वेदरफर्ड या आफ्रिकी-अमेरिकी संगीतकारांचे वाद्यमेळ वाजत. गोव्यातील चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखन शिकलेले अनेक वादक मुंबईत जॅझ वाजवू लागले आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत दाखल झाले. मराठी संगीतकार सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला' (१९५१) या चित्रपटाच्या संगीतातील जॅझच्या छटांत गोमंतकीय ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांचा सहभाग होता. चित्रपटांच्या वाद्यवृंदांत डबल बास खर्जाची बाजू सांभाळत असे. पुढे तेथे विद्युत बास गिटार आली. सन १९७८ पासून मुंबईत 'जॅझ यात्रा' हा महोत्सव भरू लागला.

कोकण किनारपट्टीवर वाद्याच्या जतनातील अडचण थंड देशांच्या उलट असते. पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. त्यामुळे तबली फुगते, सरसाचे सांधे नरम पडतात आणि पिशवीत बंद राहिलेल्या वाद्याला बुरशी येते. या काळात तारांची उंची कमी करणे, वाद्य हवेशीर खोलीत उघडे ठेवणे आणि ते नियमित वाजवणे हितावह असते. पावसाळी किनाऱ्यावरून थेट वातानुकूलित सभागृहात नेलेले वाद्य काही तासांतच कोरडे पडू लागते; म्हणून मैफलीपूर्वी त्यास त्या हवेत पुरेसा वेळ ठेवून मगच ते स्वरात लावतात.

हेही पहा

व्हायोलिन
चेलो
बास गिटार
जॅझ
सी. रामचंद्र